मुदत संपलेले औषध : वापरावे की टाकावे?

खरिपापूर्वी आपण घरचे सोयाबीन बियाणे तपासतो. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि कोंब मोजतो. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर शिफारशीप्रमाणे पेरतो. थोडे कमी उगवले, तर एकरी बियाणे वाढवतो. म्हणजे जुने बियाणे सरसकट वाईट असे आपण मानत नाही, तपासून ठरवतो. घरातील फळीवर पडून असलेल्या औषधांची मात्र अशी उगवण चाचणी घरी करता येत नाही. म्हणून पाकिटावरील मुदतीच्या तारखेचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

ही तारीख कशी ठरते? कारखानदार औषध ठराविक तापमानात व आर्द्रतेत ठेवून वेळोवेळी त्यातील मूळ घटक मोजतो. तो ठरलेल्या मर्यादेत राहील अशी खात्री जितक्या काळापर्यंत देता येते, तितकी मुदत छापली जाते. फक्त महिना व वर्ष छापले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत धरावी.

मग दुसऱ्या दिवशी गोळीचे विष होते काय? बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत तसे होत नाही. अमेरिकेत लष्कराच्या साठ्यातील औषधे १९८६ पासून मुदतीनंतर तपासली जाऊ लागली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १२२ औषधांच्या ३,००५ लॉटपैकी ८८ टक्के लॉटची मुदत किमान एक वर्ष वाढवता आली. ही वाढ सरासरी ६६ महिने होती.

हे ऐकून जुनी औषधे वापरण्यास मोकळीक मिळाली असे कृपया समजू नये. तो साठा न उघडलेल्या मूळ वेष्टनात, नियंत्रित तापमानात ठेवलेला होता आणि प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासलेला होता. आपली औषधे पत्र्याखालच्या फळीवर, चुलीजवळ किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत असतात. पाकिटावर ‘३० अंश सेल्सिअसखाली ठेवा’ असे लिहिलेले असते आणि वैशाखात आपल्या घरात पारा ४० च्या वर जातो. अशा ठिकाणी मुदत शिल्लक असलेले औषधही कमजोर होऊ शकते. जनावरांच्या लाळ-खुरकूत लसीचेही तसेच आहे. ती २ ते ८ अंशांत राहिली नाही, तर तारीख पुढची असूनही उपयोग होत नाही.

खरा धोका कमजोर औषधाचा आहे. उगवण कमी असेल तर बियाणे वाढवता येते. औषधाचा डोस मात्र आपल्या अंदाजाने वाढवता येत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, मधुमेहाचे इन्शुलिन, झटके थांबवणारी औषधे यांत घट झाली, तर ती ऐनवेळी जिवावर बेतते. प्रतिजैविक कमजोर असेल, तर रोगजंतू पुरते मरत नाहीत आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. मग रोगी माणूस असो वा गाय.

काही औषधे बिघडून अपायही करतात. जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. तो प्रकार त्या काळच्या कॅप्सूलमधला होता. पण रंग बदललेले औषध घेऊ नये हा धडा आजही लागू आहे.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. हृदयविकार, मधुमेह, फिट्स, दमा यांची औषधे, प्रतिजैविके, डोळ्यांत घालायचे थेंब आणि इंजेक्शने मुदतीनंतर अजिबात वापरू नयेत.

२. पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविकाचे पातळ औषध लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच संपवावे. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यापासून साधारण एक महिन्यानंतर टाकून द्यावेत. येथे छापील मुदत लागू होत नाही.

३. सुट्या गोळ्या घेताना तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा. नाहीतर चिठ्ठीवर औषधाचे नाव व मुदत लिहून घ्यावी.

४. घरात फ्रीज नसेल, तर इन्शुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात, सावलीत ठेवावे.

५. माणसांची, जनावरांची आणि फवारणीची औषधे वेगवेगळ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

६. जुनी औषधे उकिरड्यावर, विहिरीत वा ओढ्यात टाकू नयेत. औषध दुकानदार किंवा आरोग्य केंद्र परत घेते का, ते विचारावे. जनावरांच्या औषधांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

आणखी एक सांगावेसे वाटते. औषधे बहुधा उरतात ती दोन दिवसांत बरे वाटले म्हणून डोस अर्धवट सोडल्याने. ती पुढच्या आजाराला कामी येतील म्हणून जपून ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पुरा करा. वर्षातून दोनदा, खरिपापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, औषधांची फळी तपासा. बियाण्याची पिशवी आपण जितक्या काळजीने वाचतो, तितक्याच काळजीने गोळ्यांचे पाकीट वाचावे, एवढी विनंती करून मी थांबतो.