काळा पतंग, पांढरा पतंग



रात्री दिव्याभोवती पतंग घिरट्या घालतात. आपण ते रोजच पाहतो. पण त्यांच्याकडे निरखून पाहतं कोण? इंग्लंडात काही माणसांनी पाहिले. त्यातून एक मोठी गोष्ट कळली. ती आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत. ती ऐका, कारण शेवटी ती आपल्या कापसाच्या शेतात येऊन पोचते.

इंग्लंडात एक पतंग असतो. त्याचे पंख पांढरे. त्यांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. तो रात्री उडतो आणि दिवसा झाडावर पंख पसरून गप्प बसतो. तिकडच्या झाडांवर दगडफूल वाढते. आपण मसाल्यात घालतो ना, तसलंच. त्या पांढुरक्या सालीवर पतंग बसला की दिसतच नाही. पक्ष्याला दिसला नाही, म्हणजे वाचला.

पुढे तिकडे कारखाने वाढले. दगडी कोळशाचा धूर सुटला. दगडफूल मेले. झाडांच्या साली काजळीने काळ्या झाल्या. १८४८ साली मँचेस्टर शहरात एक काळा पतंग सापडला. १८९५ पर्यंत त्या भागात १०० पैकी ९८ पतंग काळे झाले!

तुम्ही म्हणाल, काजळी लागली असेल. तसं नाही. ते जन्माचेच काळे. त्यांचा रंग त्यांच्या पिलांत उतरे. काळ्या सालीवर पांढरा पतंग उठून दिसे. पक्षी त्याला टिपत. काळा वाचे. जो वाचला, त्याचीच प्रजा वाढली. एकाही पतंगाने स्वतःचा रंग बदलला नाही. पण साऱ्या जातीचा रंग पालटला.

१९५६ साली इंग्लंडात धुराला आळा घालणारा कायदा झाला. हवा हळूहळू निवळली. साली उजळल्या. आता काळे पतंग कमी होऊ लागले. पण हे पक्ष्यांमुळेच घडते का, अशी काही विद्वानांना शंका होती. म्हणून केंब्रिजचे शास्त्रज्ञ मायकेल माजेरस यांनी २००१ ते २००७ अशी वर्षे खपून ४,८६४ पतंग तपासले. रात्री ते झाडांवर सोडायचे आणि सकाळी कोण उरला ते पाहायचे. पक्ष्यांनी काळे पतंग जास्त खाल्ले. माजेरस २००९ साली वारले. त्यांचे काम सहकाऱ्यांनी २०१२ साली छापले. शंका फिटली.

आता आपल्या शेताकडे वळू. २००२ साली आपल्या देशात बीटी कापूस आला. या झाडातच बोंडअळीला मारणारे विष असते. अळ्या मेल्या. फवारणी कमी झाली. पण हजारो-लाखो अळ्यांत एखादी ते विष पचवणारी निघते. बाकीच्या मेल्या, ती वाचली. तिचीच प्रजा वाढली. २०१७ साली गुलाबी, म्हणजे शेंदरी, बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाची दैना केली. पतंगाचीच गोष्ट, नाही का?

बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाची एक लहान पुडी येई. ती शेताच्या कडेने पेरायची होती. त्या साध्या झाडांवर विष न पचवणाऱ्या अळ्याही जगतात. त्यांच्या पाखरांचा विष पचवणाऱ्यांशी जोडा जमला, तर बहुतेक पिले पुन्हा विषाने मरणारी निघतात. पण पुष्कळांनी ती पुडी पेरलीच नाही. चार ओळींचा कापूस वाचवायला गेलो आणि सारे शेत गमावून बसलो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. फरदड घेऊ नका. डिसेंबरअखेर कापूस संपवा. पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका. त्यांत अळी दडून राहते. आणि एक गावकरी करून भागत नाही, पाखरू बांध ओळखत नाही. सगळ्या गावाने मिळून करा.

आपण जग बदलले की कीडही बदलते. हे ध्यानात ठेवून पेरतो, तोच शहाणा शेतकरी.