तळ्याचा काठ सोडा

मृगाचे पहिले पाऊस झाले की सुटीच्या दिवशी गळ आणि जेवणाचे डबे घेऊन आपल्यापैकी बरेच जण तळ्याकडे निघतात. नवेगाव बांधासारख्या जंगलातल्या तलावावर नाव वल्हवण्याचं सुख मी वेगळं काय सांगू! जरूर जा. माझं मागणं एकच आहे : काठ सोडा.

भंडारा-गोंदियाकडची कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधलेली ही तळी पाळीजवळ खोल आणि पाणी येतं त्या अंगाला गुडघाभर. त्या गुडघाभर पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी कोमट राहतं, शेवाळ आणि गवत माजतं. पावसाळ्यात मरळ ही मासळी तिथंच गवत सारून जागा करते आणि अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. मग तांबूस पिल्लांचा थवा वर दिसू लागतो आणि खाली आईबापांचा पहारा असतो.

म्हणजे काठ ही तळ्याची बाळंतिणीची खोली आहे. घरात बाळंतीण असली की आपण दार लोटून घेतो, ऊब राखतो, पाहुण्यांना ओसरीवरच बसवतो. त्या खोलीत कुणी झाडू घेऊन धुरळा उडवतं का? उथळ पाण्यात वल्हं तळाला लागतं तेव्हा नेमकं हेच होतं. गाळ उठतो, गवत उपटून येतं, आडोसा जातो.

आणि गळ! पिल्लांचा थवा दिसला की गरीला बेडकी लावून नेमकी तिथंच टाकणारे हौशी लोक आहेत. पहाऱ्यावरची मरळ भुकेपोटी गरीवर येत नसते. परका खोलीत शिरला म्हणून ती धावून येते. तिला काढलीत की पिल्लं उघडी पडतात. बगळे आणि दुसरे मासे त्यांचा फडशा पाडतात. मरळ चिवट आहे, हवेतला श्वास घेते, चिखलातही तगते, हे खरं. पण तिचं बळ पिल्लांत कुठून असणार? म्हणून पुन्हा सांगतो, काठ सोडा.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. समुद्राला जी उसंत मिळते, ती एवढ्याशा तळ्याला का मिळू नये? मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना हे मी सांगायला नको. मी हौशी मंडळींशी बोलतो आहे.

काठ सोडण्याला आणखी एक कारण आहे : तिथं तुटून राहिलेल्या गळाच्या तंगुसात पाणकोंबड्यांचे पाय अडकतात. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा : तांबडा थवा दिसला की गळ वर ओढा आणि नाव मधल्या पाण्यात वळवा. मरळ दिवाळीनंतरही मिळेल.