थांबा



महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजे आपले केळझर, असे या भागातील परंपरा सांगते. त्या नगरीतून बकासुराकडे पाळीपाळीने अन्नाचा गाडा आणि एक माणूस जात असे. ज्याची पाळी त्याच्या घरी रडारड. बाकी गाव ‘आज आपली पाळी नाही’ म्हणून सुखाने झोपी जाई. बकासुराला भीमाने मारले. पण गावाची ती झोप कोणी मोडली, हे मात्र कथेत येत नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते एसटीच्या गाडीविषयी, आणि त्याच झोपेविषयी.

केळझर वर्धा-नागपूर रस्त्यावर, वर्ध्याहून सुमारे 26 किलोमीटरवर आहे. अशा गावाच्या थांब्यावर सकाळी कोण उभे असते ते पाहावे. दप्तरे पाठीला लावलेल्या मुली, दवाखान्याचे कागद पिशवीत जपून धरलेली म्हातारी, नागपूरला कामाला निघालेला पोरगा. गाडी दिसताच हात वर होतात. खिडकीतून रुमाल आत पडतो आणि त्या वीतभर फडक्याला सातबाऱ्याचा मान मिळतो! दारात लोंबकळणारा गृहस्थ काकुळतीने म्हणतो, “भाऊ, थोडं आत सरका ना जी!” दहा मिनिटांनी पुढचा थांबा येतो, तेव्हा तोच गृहस्थ आतून ओरडतो, “चला कंडक्टर, जागा नाही जी!” माणूस तोच. बदलली ती फक्त दाराची बाजू.

ही मौज गाडीपुरती असती तर हसून सोडून दिली असती. पण कामगारांत वावरताना आम्ही हेच पाहत आलो. ज्याची नोकरी कायम झाली, त्याला दाराबाहेरचा रोजंदारीवाला गर्दी वाटू लागतो. शहरात ज्याच्या घरी नळ आला, त्याला टँकरची रांग दिसेनाशी होते.

मग सार्वजनिक गाडी म्हणजे काय? सरकारी रंगाची, एवढेच नव्हे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या विदर्भातील सरकारी गाड्याही त्याच कारभारात आल्या. या व्यवस्थेचे मर्म दोन वाक्यांत सांगता येते. काळीपिवळीवाला म्हणतो, “भरली की सोडतो.” एसटी म्हणते, “वेळ झाली की सुटते.” काळीपिवळीवाल्याला आम्ही दोष देत नाही, त्याचे पोट त्या फेरीवर आहे. पण रात्रीच्या शेवटच्या गाडीत चारच उतारू असले तरी ती सुटते, म्हणून कॉलेजातली मुलगी संध्याकाळचा तास बुडवीत नाही. त्या चौघांच्या फेरीचा खर्च भरलेल्या मार्गावरचे उतारू उचलतात. बकासुराच्या गावात प्रत्येकाची पाळी वेगळी होती; इथे सगळ्यांनी मिळून एक गाडा चालविला आहे.

आता समृद्धी महामार्ग पाहा. 701 किलोमीटरचा हा रस्ता आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला, जून 2025 मध्ये तो पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला बंदी, आणि ठरलेल्या जागांखेरीज चढउतार नाही. वेगवान रस्ता असाच बांधावा लागतो, हे आम्हांला मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, वेगाचे कौतुक करताना थांब्याचा हिशेब विसरू नये. रस्ता जवळून गेला म्हणजे गाव जोडले गेले असे होत नाही. गाडी थांबली म्हणजे ते जोडले जाते.

आणि ती थांबविणारा माणूस कोण? ड्रायव्हर आणि कंडक्टर. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली संसदेने कायदा केला, तेव्हा दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे लिहावे लागले. रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीची खोली हवी, हेही त्यात आले. ह्या गोष्टी आपोआप मिळत असत्या, तर कायदा कशाला हवा होता? ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला. शासनात विलीन करा, ही त्यांची मागणी. संप एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत थांबे ओस पडले. उतारू म्हणाले, कामगारांनी आम्हांला वाऱ्यावर सोडले. कामगार म्हणाले, आमच्या घरी चूल पेटत नाही हे कोणी विचारले नाही. दोघांचेही दुःख खरे होते, पण ते एकमेकांशी बोलले नाहीत. दाराची तीच दोन टोके!

मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली, हे उत्तम झाले. पण जी गाडी आलीच नाही तिचे अर्धे तिकीट कोण फाडणार? म्हणून एखादी फेरी बंद झाली, की ‘आपली नाही ना’ म्हणून गप्प बसू नका. आगारात दहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या. त्यात फेरीबरोबर मुक्कामी कामगाराला निजावयास जागाही मागा. कारण न झोपलेल्या ड्रायव्हरच्या हाती चाळीस संसार असतात.

आणि आज घरी जाताना जागा मिळाली, तर पुढच्या थांब्यावर खिडकीबाहेर पाहा. तिथे कोणाचा तरी हात वर असेल. कंडक्टरने घंटा वाजविण्याआधी तुम्हीच जरा आत सरका.