दारोदार फिरून बंद पाडलेलं धुराडं

आज जरा लांबच्या बायकांची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या शिकागो शहरात लिटल व्हिलेज नावाची वस्ती आहे. तिथले लोक तिला ‘ला वियिता’ म्हणतात, म्हणजे छोटं गाव. बहुतेक कुटुंबं मेक्सिकोतून आलेली, बोली स्पॅनिश. अशा लोकांना तिकडे लॅटिनो म्हणतात.

या वस्तीत १९२४ सालापासून कोळशावर वीज करणारं क्रॉफर्ड केंद्र होतं. शेजारच्या पिल्सन वस्तीतलं फिस्क केंद्र त्याहून जुनं, १९०३चं. परळी, चंद्रपूर, कोराडीकडच्या बहिणींना कोळशाची राख म्हणजे काय ते सांगायला नको. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की या दोन केंद्रांच्या धुरामुळे वर्षाला ४१ माणसं अकाली जातात, आणि दम्याचे २,८०० झटके येतात.

किंबर्ली वासरमन ही त्याच वस्तीतली. तिच्या तान्ह्या बाळाला दम्याचा झटका आला. डॉक्टरांनी धुराचं कारण सांगितलं, तशी ती शेजारच्या घरांची दारं ठोठावू लागली. घरोघरी तेच, कुणाचं लेकरू धापा टाकतंय, कुणाच्या पिशवीत दम्याचा पंप. वस्तीत पालकांनी १९९४ साली उभी केलेली एक संघटना होती, तिच्यात ती कामाला लागली.

मला यातली एक गोष्ट फार पटली. या बायकांनी दारात ‘हवामान बदल’ हा शब्द आधी काढला नाही. तुमच्या घरी खोकतंय का कुणी, एवढंच विचारलं, तेही स्पॅनिशमध्ये. लोकांनी धुरासोबत मुलांना खेळायला जागा नाही हेही सांगितलं, म्हणून बागेची मागणीही यादीत आली. नाहीतर सरकारी बैठक इंग्रजीत, दिवसा, कामाच्या वेळेला. आणि मग म्हणायचं, हे लोक येतच नाहीत! आपल्याकडेसुद्धा कितीदा बाईला ग्रामसभेचा विषय कळतो तो सभा उठल्यावर.

दहा-बारा वर्षं हे चाललं. २०१२ साली दोन्ही केंद्रं बंद झाली. २०१३ साली किंबर्लीला पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि २०१४ साली वस्तीत बागही झाली, एका जुन्या विषारी जागेवर.

पुढे राज्याच्या कायद्यातही अशा वस्त्यांचा शब्द पोचला. इलिनॉय राज्यात २०१६च्या कायद्याने गरीब घरांसाठी सौरऊर्जेची योजना आली. भाड्याच्या घरात छप्पर आपलं नसतं, पॅनेल लावायचं कुठे? म्हणून सामाईक सौर प्रकल्पात वाटा घेऊन बिल कमी करायची सोय त्यात आहे. २०२१च्या कायद्याआधी संस्थांच्या आघाडीने राज्यभर बैठका घेऊन लोकांना विचारलं. त्या कायद्यात कोळशाची आणि गॅसची केंद्रं २०४५पर्यंत बंद करायचं वेळापत्रक आहे.

पण बंद पडलेलं धुराडंही त्रास देतं, बरं का. एप्रिल २०२०मध्ये, ऐन कोरोनात, क्रॉफर्डची चिमणी सुरुंग लावून पाडली, आणि सगळी वस्ती धुळीने भरून गेली. लोक फुप्फुसाच्या आजाराला घाबरून घरात बसलेले, आणि वरून ही धूळ. आता त्या जागी भलंमोठं गोदाम आहे. मालाचे ट्रक ये-जा करतात, आणि डिझेलच्या धुरावरून वस्तीचं नवं भांडण उभं राहिलंय.