खिशातील तीन यंत्रे

मोबाईल घ्यावयाचा म्हटले की दुकानदाराची तोंडपाठ शिफारस आणि शेजाऱ्यांचा अनाहूत सल्ला यांच्या कचाट्यात सापडणाऱ्या गिऱ्हाइकाने, २०२३-२४ साली बाजारात आलेल्या तीन नामांकित यंत्रांचे गुणदोष स्वस्थ चित्ताने ताडून पाहावेत. ॲपलच्या आयफोन १५ ची घडण आटोपशीर आणि चित्रफितींचे चित्रण उत्तम; परंतु त्याचा पडदा सेकंदास ६० वेळाच ताजा होतो, तर सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा १२० पर्यंत मजल मारीत असल्याने त्यावर मजकूर सरकविताना डोळ्यांस अधिक सफाई जाणवते. ५००० एमएएचची बॅटरी आणि अंगातच दडविलेली लेखणी असा सरंजाम बाळगणाऱ्या या यंत्राचे वजन मात्र २३२ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशाची शिवण तपासूनच ते बाळगावे, असे माझे प्रांजळ मत आहे. गूगलच्या पिक्सेल ८ ने सात वर्षे प्रणाली अद्ययावत ठेवण्याची हमी दिली, व काही महिन्यांतच सॅमसंगनेही तिचे अनुकरण केले. परंतु जड खेळ खेळणाऱ्यांस पिक्सेलचा प्रोसेसर काहीसा मंद भासेल. युरोपीय संघाच्या कायद्यापुढे नमून ॲपलने यूएसबी-सी पत्करल्यामुळे आता तिघांनाही एकच केबल चालते. चार्जरचा ठोकळा मात्र तिघांच्याही डब्यात नसतो.