लोणारचे दैत्यसूदन मंदिर
(केनवड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज केनवडास आपण जमलो असता दूरच्या वेरूळ-अजिंठ्याचे गोडवे गाण्याऐवजी शेजारच्या लोणारविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. आपल्यापैकी अनेकजण मेहकरमार्गे तेथे जातात, सरोवर पाहतात, दैत्यसूदनापुढे हात जोडतात आणि परततात. देवदर्शन घडते; मंदिर पाहावयाचे मात्र राहून जाते.

कथा आपणांस ठाऊक आहेच. लवणासुर भूमीखाली दडून बसे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडविले व त्याचा वध केला. ते झाकण ढाकेफळजवळ टेकडी होऊन पडले, असे लोक सांगतात. सरोवराचे खारे पाणी हे त्या दैत्याचे रक्त, असेही मानतात. या भूमीवर राहणाऱ्या माणसाला एवढ्या प्रचंड खळग्याचा अर्थ लावणे प्राप्तच होते. तो अर्थ प्रथम कथेने लावला आणि पुढे यादवकाळात शिल्पाने दृढ केला. म्हणूनच येथील छतावर लवणासुरवधाच्या जोडीला कंसवध आणि हिरण्यकशिपुवध कोरलेले दिसतात. गावची कथा अशा रीतीने पुराणांच्या पंक्तीत बसविली गेली.

मंदिराची भिंत सरळ जात नाही. ती पदोपदी कोन करीत वळते, त्यामुळे तलविन्यास ताऱ्यासारखा दिसतो. प्रत्येक कोनावर ऊन निराळे पडते आणि काळ्या दगडातील मूर्ती दिवसभर छायाप्रकाशाने उठून दिसतात.

या घडणीस आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. परंतु त्याच दगडी परंपरेतील अंबरनाथचे शिवालय 1060 सालचे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. तेव्हा एका मंत्र्याच्या नावाखाली पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम झाकले गेले, असे म्हणणे भाग आहे. आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे. स्मरणिकांतून आपण थोर पुरुषांशी कुळाचा संबंध जोडू पाहतो. पण दगड खाणीतून काढणारे, वाहणारे, घडविणारे हात कोणत्याही एका ज्ञातीच्या वंशावळीत मावणारे नाहीत. या वारशावर सर्वांचा सारखाच हक्क आहे, आणि जबाबदारीही.

कोणी म्हणतील, शास्त्राने ही कथा खोटी पाडली. सुमारे पावणेदोन कि.मी. व्यासाचे हे विवर अशनिपाताने झाले, याचा भक्कम पुरावा 1973 साली पुढे आला, हे खरे. 2020 साली सरोवरास रामसर पाणथळ म्हणून मान्यताही मिळाली. परंतु आकाशातून पडलेल्या अशनीने खळगा कसा झाला हे शास्त्र सांगते. त्या खळग्याकाठी माणसाने भय कसे जिंकले हे मंदिर सांगते. मुलांना दोन्ही सांगावे.

शेवटी एकच विनंती. पुढील वेळी लोणारला जाल तेव्हा घटकाभर अधिक थांबा, भिंतीभोवती सावकाश फिरा आणि मुलांना छताखाली उभे करून वर पाहावयास लावा. शिल्पावर शेंदूर वा तेल चढवू नका, दगडावर आपले नाव कोरू नका. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांप्रती आपली कृतज्ञता एवढ्याने तरी व्यक्त होईल.