पगार मोजा, तासही मोजा

आम्ही पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत राहणाऱ्या घरकामगार बायका. मूळच्या तुमच्यासारख्याच खेड्यातल्या.

आमच्या बचत गटातल्या दोघींनी जास्त पगाराचं काम सोडून कमी पगाराचं धरलं. शेजारीपाजारी म्हणाले, "डोकं फिरलं का?" मग आम्ही गटाच्या बैठकीत वहीवर हिशेब मांडला. तोच आज सांगतो.

आधीचं काम बाणेरला, सकाळी आठ ते रात्री आठ. पगार १६,०००. दोन बसगाड्या बदलून जायचं, त्याचं भाडं महिना १,५००. आजारपणाचे खाडे कापले जायचे, ते साधारण १,०००. मुलांकडे बघणाऱ्या शेजारणीला १,०००. हातात उरायचे १२,५००.

आता सहकारनगरात तीन घरं, तीही पायी जाण्याच्या अंतरावर. पगार ११,५००. दुपारी दोनला घरी. लोकांना साडेचार हजारांचा तोटा दिसतो, पण वहीत तो निघाला हजाराचा.

हजार रुपयेही कमी नाहीत. पहिले दोन महिने गटाचा हप्ता भरताना ओढाताण झाली. डोक्यावर सावकाराचं कर्ज असेल तर आधी ते फेडा, मग असा विचार करा. पण आता मुलं शाळेतून येतात तेव्हा आई घरात असते, आणि रात्री पाठ टेकायला वेळ मिळतो.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. पगार कमी घ्यायचा तर बदल्यात काय मिळणार, हे आधीच ठरवायचं. आम्ही तिन्ही घरी स्पष्ट बोललो: महिन्याला चार सुट्ट्या, आजारपणात पगार कापायचा नाही, दिवाळीला एक पगार बोनस, जादा कामाचे जादा पैसे. नाहीतर पगारही कमी आणि राबणं तेवढंच!

हे मागणं काही आजचं नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी रजाही त्यांनी मागितली होती. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती हवी, असं २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारातही लिहिलं आहे. विसावा हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

तुमच्याकडे काम शेतमजुरीचं असो की कारखान्यातलं, पुढच्या बैठकीत वही काढा. मजुरी लिहा, येण्याजाण्याचा खर्च लिहा, औषधपाणी लिहा, घराबाहेर गेलेले तास लिहा. मग ठरवा, आणि एकटीनं नको, गटात बसून ठरवा.